विलायती उभी, देशी आडवी

अमरावती,
८ सप्टेंबर २००८

चि. करिश्मा हिस आशीर्वाद.

तुझं चिलीहून आलेलं पत्र मिळालं. फोन करू नकोस असं मीच सांगितलं होतं. फोनवर तू हो-हो म्हणतेस आणि मग तुला हवं तेच करतेस. पत्रात तसं पळता येत नाही.

जाण्याआधी माझ्याकडे जेवून गेलीस तेव्हा ‘द्राक्षाच्या मळ्यात काम आहे’ एवढंच म्हणालीस. ते काम दारू चाखण्याचं आहे, हे विमानातून उतरल्यावर कळवतेस! तुला अकोल्याच्या कृषी महाविद्यालयात घालावं म्हणून मी तुझ्या बापाशी दोन वर्षं भांडले. सहदेव माझा धाकटा भाऊ, म्हणून शेवटी ऐकलं त्याने. ते भांडण यासाठी नव्हतं.

तू समुद्रकाठच्या दारूचे गुण लिहितेस. आता आपल्या बोरळखेडची हकीकत ऐक. देवीदासचं देशी दारूचं दुकान गावात आल्याला सव्वा वर्ष झालं, तुला ठाऊक आहे. सरकारी परवान्याचं दुकान, त्यामुळे पोलीस हात वर करतात. पहाटे शेवंती तोडून बाया अकोल्याच्या ऑटोची वाट पाहत ज्या वळणावर उभ्या राहतात, बरोबर तिथेच त्याचं शटर. तो अगरबत्ती ओवाळून दुकान उघडतो आणि बायांच्या पाट्यांना धक्के देत माणसं आत शिरतात. शाळेच्या पोरी आता रस्ता सोडून शेताच्या बांधाने जातात. बेबीताईचा नवरा परवा तिथेच पडला आणि तिची फुलं त्याच्याखाली चिरडली. तिने आधी फुलं उचलली. मला ते फार बरोबर वाटलं.

बायांनी मला बोलावून घेतलं. मी शाळेतून निवृत्त झाले म्हणजे मला काही काम नसणार, असा त्यांचा समज. बरं, असू दे. कुलसुमबी बांगड्या भरायला घरोघर जाते, तिला कुठल्याच घरात दार बंद नाही. ती आणि मी मिळून सह्या घेत आहोत. कायदा असा आहे की पुरेशा बायांनी मागणी केली तर सरकार गावातल्या फक्त बायांचं मतदान घेतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. हे दुकान मला आडवं पाडायचं आहे. सध्या दुसरं काही डोक्यात नाही.

आणि तू लिहितेस, ‘आत्या, इथल्या वाइनला समुद्राची चव आहे.’ वा! तुमच्या त्या बाटलीत एवढं काय भरलं आहे, ते एकदा आम्हा बायांनाही कळू दे.

तुझी आत्या,
जयवंता

*

चिली,
२ ऑक्टोबर २००८

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र इथल्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. रागावलीस ते दिसतंच आहे, पण शेवटच्या ओळीने इतकं बरं वाटलं! तुलाही कळायला हवं आहे, म्हणजे अजून सगळं संपलेलं नाही.

आत्या, चाखणं म्हणजे पिणं नव्हे. सकाळी दहा वाजता आम्ही सहाजण पांढऱ्या टेबलाशी बसतो. अत्तर लावायचं नाही, चहा घ्यायचा नाही. पेल्यात दोन चमचे वाइन. आधी रंग पाहायचा, मग वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकायचा. गिळलेलं दिसलं तर मार्ता, आमची मुख्य, त्या दिवशी घरी पाठवते. अमरावतीला तुझ्या शाळेत होते तेव्हा तू प्रयोगशाळेत आम्हाला परीक्षानळी नाकाशी न धरता हाताने वास ओढून घ्यायला शिकवायचीस ना, तशीच शिस्त आहे.

इथल्या पांढऱ्या वाइनला पहिल्यांदा कच्च्या पेरूचा वास येतो, मग हिरव्या मिरचीचं देठ मोडल्यावर येतो तसा. सगळं संपल्यावर ओठांवर बारीकसं मीठ राहतं. कोणी घालत नाही ते. समुद्र इथून चार कोस आहे, पाणी बर्फासारखं गार. रोज सकाळी धुकं मळ्यात शिरतं आणि दुपारपर्यंत वेलींवर बसून राहतं, म्हणून द्राक्ष हळूहळू पिकतं. लाल वाइन वेगळी. जांभळाची साल आणि ओली माती.

आणि मळा कसा ठेवतात ते तू पाहायला हवंस. तणाला विष मारत नाहीत, मेंढ्या सोडतात. किडे टिपायला बदकं. बाटलीसुद्धा हलक्या काचेची, वाहतुकीला इंधन कमी लागावं म्हणून. दोन वर्षांपूर्वी ट्रकसाठी खालच्या कोळीवाड्यातून रस्ता काढायचा होता. मार्ताने घरटी एकेकाला बोलावून विचारलं. लोक नको म्हणाले. ट्रक आता डोंगराला वळसा घालून जातात, दुप्पट लांबून. मालकाने एक शब्द काढला नाही.

इथला एकजण पुण्याला निघाला आहे. त्याच्याबरोबर दोन बाटल्या पाठवते, एक पांढरी, एक लाल. शेखरदादा दिवाळीला घरी येताना घेऊन येईल. गिळू नकोस, नुसती चाख. मग मला लिही.

तुझी,
करिश्मा

*

अमरावती,
६ नोव्हेंबर २००८

करिश्मा,

टोमणा आणि आमंत्रण यांतला फरक तुला कळत नाही? सत्तावीस वर्षांची झालीस.

भाऊबीजेला मी नेहमीप्रमाणे बोरळखेडला गेले. सहदेवला ओवाळलं. ओट्यावर सुंदराबाई, बेबीताई, कुलसुमबी, अशा दहा-पंधरा बाया जमल्या होत्या, सह्यांचा हिशोब चालला होता. तेवढ्यात माझा मुलगा, पुण्यात मोठा साहेब झालेला शेखर, बॅग उघडून दोन बाटल्या काढतो आणि माझ्या ओवाळणीच्या ताटाशेजारी ठेवतो. उभ्या. वर मोठ्याने म्हणतो, “आई, करिश्मानं खास तुझ्यासाठी पाठवल्यात.”

सुंदराबाईने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मला कळलं नाही. समोरच्या रस्त्यावर देवीदास उभा होता. त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि तिथूनच ओरडला, “वा बाई! आमची देशी आडवी पाडाची, अन् घरी विलायती उभी ठेवाची! हे कोन्तं शायनपन हाय?”

दुसऱ्या दिवशी हे वाक्य बाळापुरापर्यंत गेलं. ज्या घरांनी सह्या दिल्या होत्या, तिथले पुरुष विचारू लागले, “बाईची विलायती कोन्त्या भावाची हाय वो?” चार बायांनी सह्या मागे घेतल्या. तुझ्या दोन बाटल्यांनी देवीदासचं एका दिवसात जेवढं काम केलं, तेवढं त्याला जन्मात जमलं नसतं. घरी आल्यावर वामनरावांनी विचारलं, “फ्रीजमध्ये ठेवू का?” मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. इतकी वर्षं संसार केला या माणसाबरोबर.

तिसऱ्या दिवशी बाटल्या पिशवीत घालून एसटीने परत बोरळखेडला गेले. दुकानासमोर, भर दुपारी, सगळ्या बाया गोळा केल्या. म्हटलं, लपवायचं कशाला? ही दारू आहे, माझ्या भाचीने पाठवली आहे, ती म्हणते चाखायची आणि थुंकायची. मी पळीने प्रत्येकीच्या तळहातावर थेंबभर घातली, देवळात तीर्थ देतात तशी. मग सगळ्या जणी एका वेळी देवीदासच्या पायरीवर थुंकल्या आणि उरलेली मी तिथेच ओतली.

सुंदराबाई म्हणाली, “आंबलेल्या द्राक्षाचं पानी हाय हे! याच्यासाठी पोट्टी सात समुद्रापार गेली?” बेबीताई घाबरून गिळूनच बसली आणि रडायला लागली, “बाई, मले चढन काय वो?” कुलसुमबीने हात पुढे केलाच नाही. “मले चाखाची जरूरत नाई,” ती म्हणाली, “मी बिनचाखल्याची थुंकतो.” आणि तीच सर्वांत लांब थुंकली. देवीदासने शटर अर्धं ओढलं.

सह्या परत आल्या. मागितल्या त्याहून जास्त आल्या.

मी स्वतः चाखली का, हे तू विचारशील. चाखली. पेरू होता, मिरचीचं देठ होतं, शेवटी मीठही होतं. चव वाईट नव्हती, हे मी लपवणार नाही. त्यामुळे माझा राग कमी झालेला नाही.

जयवंता

*

चिली,
२८ नोव्हेंबर २००८

आत्या,

शेखरदादाने बॅग ओट्यावर उघडली, यात माझी चूक नाही. तुला टोमणा मारायचा होता आणि मी तो खरा मानला, ही चूक माझी. त्यासाठी क्षमा मागते.

थुंकण्याचाही मला राग नाही, आम्ही रोज थुंकतो. राग याचा आला की तू माझं काम देवीदासच्या पायरीवर नेऊन ओतलंस. माणसं वर्षभर वेलीजवळ बसून जे करतात, ते आणि प्लॅस्टिकच्या ग्लासात पाजलेली देशी तुला एकच वाटते? तू रसायनशास्त्राची पदवीधर. शाळेत आम्हाला सांगायचीस, दोन पांढऱ्या पुड्या दिसायला सारख्या, एक मीठ आणि एक विष, आधी तपासा. मला न तपासताच निकाल लावलास.

आणि दुकान बंद झाल्याने पिणारे थांबतात का? बाळापूरला जातील. नाहीतर हातभट्टीची पितील आणि आंधळे होतील. कागदावर आडवी बाटली छापून गाव सुधारत असतं तर केव्हाच सुधारलं असतं. ते दुकान गेलं तर बाबांचं काय होईल, याचा तरी विचार केलास का? की भावाला वर्षातून एकदा ओवाळलं की झालं?

माझं चुकलं असेल तर लिही. पण मलाही राग येतो, हे लक्षात ठेव.

करिश्मा

*

अमरावती,
२१ डिसेंबर २००८

करिश्मा,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘ते दुकान गेलं तर बाबांचं काय होईल.’ सहदेव दारूला शिवत नाही. दुकान देवीदासचं. ती जागा तुझ्या आईची, ती वारल्यावर सहदेवने देवीदासला विकली, असंच आजवर मला सांगितलं होतं. मग दुकान गेल्याने सहदेवचं काय जायचं?

दुसऱ्याच दिवशी बोरळखेड गाठलं. सहदेव शेवंतीला पाणी देत होता. विचारलं तर पाइप हातातच धरून राहिला, पाणी त्याच्या पायांवर वाहत होतं. “इकली नाई जागा,” म्हणाला. “किरायानं देली.”

“कुणी दिली? तू?”

“मी कसा देईन? जागा माही नाय, पोट्टीची हाय. तिच्या मायची, तिच्या नावावर चढली. सही तिनंच केली. तिले इचार ना, मले काहून कावून राहिली?”

मी पाइप त्याच्या हातातून घेऊन शेवंतीत सोडला.

तू तिकडून मला मार्ताबाईची गोष्ट सांगतेस. ट्रक कोळीवाड्यातून न्यायचा की नाही, हे त्यांनी घरटी विचारलं. फार चांगलं केलं. बोरळखेडच्या वळणावर, बाया जिथे फुलांच्या पाट्या घेऊन उभ्या राहतात तिथे, दारूचं दुकान चालेल का, हे तू कोणाला विचारलंस? बेबीताईला? त्या शाळेच्या पोरींना? मला? परक्या देशातल्या शेजाऱ्यांना विचारतात याचं कौतुक तुला कळतं, आणि आपल्या शेजारणींच्या बाबतीत तुझी सही पुरेशी होते.

वाइन आणि देशी एक नाहीत, हे मान्य. मी चाखून सांगितलं आहे. माझं भांडण बाटलीशी नव्हतंच. ती कुठे उघडायची हे कोणी ठरवायचं, याच्याशी आहे.

आता कामाचं. मतदान २२ फेब्रुवारीला, रविवारी आहे. नुसती जास्त मतं पडून भागत नाही. गावच्या यादीत जितक्या बाया आहेत, त्यांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला हवीत. म्हणजे जी बाई आली नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. माझं नाव त्या यादीत नाही, मी अमरावतीची. देवीदास मला तेच ऐकवतो, “तुमचं मत इथं नाय बाई, कायले ऊन खाता?” तुझं नाव मात्र आहे. मी स्वतः पाहिलं.

मधे देवीदासने अर्ज केला की मी परवाना नसताना विलायती दारू बाळगली. उत्पादन शुल्क खात्याचे साहेब घरी आले, रिकाम्या बाटल्या पाहिल्या, हसले. मी हसले नाही.

२२ फेब्रुवारी. ये.

जयवंता

*

चिली,
१४ जानेवारी २००९

आत्या,

हो, सही माझी आहे.

देवीदासने काय उघडायचं ठरवलंय हे मला माहीत नव्हतं, असं लिहायला घेतलं होतं. तो कागद फाडला. मला माहीत होतं. मी तेव्हा नाशिकला पहिल्या नोकरीत होते, तीही वाइनच्या कारखान्यात, तुला द्राक्षबाग एवढंच सांगितलं होतं. आई गेल्यानंतर बाबा मळ्यात बसून राहायचे, सलग दोन हंगाम फुलंच लावली नाहीत. देवीदास किराया द्यायला तयार होता, दुसरं कोणी नव्हतं. परवाना सरकारी, धंदा कायदेशीर. मी स्वतःला म्हटलं, मीही याच धंद्यात आहे, मला नाक मुरडायचा काय अधिकार? वाचायलाही पाच मिनिटं लागली नाहीत, सही केली आणि बसमध्ये बसले. वळणावर बाया उभ्या असतात, हे मला आठवलंच नाही. मीही लहानपणी आईबरोबर तिथे उभी राहिलेली आहे, तरी नाही आठवलं.

तुला हे सांगितलं असतं तर तू माझ्याशी बोलली नसतीस, म्हणून जागा विकल्याचं बाबांना सांगायला लावलं.

पण मी येऊ शकत नाही. फेब्रुवारी-मार्च म्हणजे इथली तोडणी. रोज पहाटे ठरवायचं असतं, आज वेलींची कुठली ओळ तोडायची. मार्ताने या वर्षी पहिल्यांदा दोन ओळी माझ्यावर सोपवल्या आहेत. आता निघाले तर परत बोलावणार नाहीत. एका मतासाठी अख्खं वर्ष टाकू? तुम्ही जिंकाल, मला खात्री आहे. तू पाठीशी असल्यावर बाया येतीलच.

रागाव. पण समजून घे.

करिश्मा

*

अमरावती,
२५ फेब्रुवारी २००९

करिश्मा,

हरलो.

सकाळी सात वाजता शाळेत मतदान सुरू झालं. कुलसुमबी सूर्य उगवायच्या आत दारोदार हाका मारत निघाली होती. मला शाळेच्या आवारात उभं राहायला मनाई, म्हणून मी रस्त्यापलीकडे निंबाखाली उभी होते. नवव्या महिन्याची पोटुशी बाई आली. बेबीताई आली, तिचा ओठ सुजलेला होता. तिने कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आठच्या सुमाराला वळणावर तीन जीपगाड्या येऊन लागल्या. शेगावच्या दर्शनाला फुकट, जाणं-येणं आणि वर जेवण. देवीदास स्वतः हात जोडून बायांना गाडीत बसवत होता. कोणावर जबरदस्ती नाही, कोणाला दमदाटी नाही. कायद्यात कुठे लिहिलं आहे की मतदानाच्या दिवशी देवाला जाऊ नये? मी रस्ता ओलांडून जीपजवळ गेले. आत सुंदराबाई बसलेली, नवं लुगडं नेसून, मांडीवर नात.

“सुंदराबाई, उतर.”

“बाई, दुपारलोक येतो ना परत.”

“दुपारी परत आणणार नाहीत तुला. उतर.”

“देव का रोज बोलावते वो बाई?” असं म्हणून तिने तोंड दुसरीकडे केलं. दुकानाच्या पायरीवर थुंकलेली बाई ही. जीप गेली. धूळ बसेपर्यंत मी तिथेच उभी होते आणि देवीदास मला म्हणाला, “तुमाले जागा होती ना बाई, मांगं.” मी त्याच्या तोंडात मारली नाही, याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

गाड्या अंधार पडल्यावर परतल्या. मतदान केव्हाच संपलं होतं.

मोजणी सगळ्यांसमोर झाली, तेव्हा मलाही आत येऊ दिलं. ज्या बाया आल्या त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी आडवी बाटली निवडली. उभीला पडलेली मतं बोटांवर मोजावीत इतकीच. तरी निम्म्याचा आकडा गाठला नाही. यादीत लग्न होऊन गेलेल्या पोरी आहेत, मेलेल्या सासवा आहेत, जीपगाड्यांतल्या बाया आहेत. त्या सगळ्या उभ्या राहिल्या. साहेबांनी वाचून दाखवलं, ‘दुकान कायम.’ पुढचा अर्ज वर्षभर करता येणार नाही. कुलसुमबीने विचारलं, “साहेब, ज्या आल्या त्याईचं काय मोल नाई?” ते कागद आवरत होते.

तू आली असतीस तरी हरलो असतो. फरक एका मताचा नव्हता, बराच मोठा होता. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मोजणीच्या खोलीत त्यांनी गैरहजर बायांची नावं वाचली तेव्हा तुझं नाव वाचलं गेलं, आणि बेबीताईने माझ्याकडे पाहिलं. जागा कोणाची, हे आता गावाला माहीत आहे. सहदेवने सांगितलं नाही. मी सांगितलं.

तुझी द्राक्षं तोड.

जयवंता

*

चिली,
१९ मार्च २००९

आत्या,

तुझं पत्र खिशात ठेवून आठवडाभर तोडणी केली. माझ्या दोन ओळींतली द्राक्षं चांगली निघाली. मार्ताने सगळ्यांसमोर तसं सांगितलं. मला काहीच वाटलं नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

देवीदासचा करार अकरा-अकरा महिन्यांचा आहे. चालू करार ३१ मार्चला संपतो. मी त्याला आणि बाबांना रजिस्टर पत्र पाठवलं आहे, पुढे सही करणार नाही. अकोल्याच्या वकिलांनाही कळवलं आहे. त्याने खोली सोडली नाही तर ते पाहतील.

बाबांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, “तुमी दोघीनं मिळून मले रस्त्यावर आनलं.” मग म्हणाले, “शेवंतीच जास्त लावतो आता, काय करू,” आणि फोन ठेवला.

हे आधी करायला हवं होतं. तुमच्या मतदानाची वाट न पाहता, एका सहीत झालं असतं. ते मला सुचलं नाही असं नाही. मतदानात हरलीस तर तू गप्प बसशील, असं कुठेतरी वाटलं होतं.

आत्या, ती खोली मोकळी झाली की तिथे काहीतरी चांगलं करू या. मी विचार केला आहे. आईच्या नावाने वाचनालय करता येईल. किंवा फुलं निवडून बांधायची जागा, वर एक लहानसं शीतगृह. इथे तसं पाहिलं आहे, मी आराखडा काढून पाठवते. जूनमध्ये परत येते आहे.

तुझी,
करिश्मा

*

अमरावती,
१२ मे २००९

करिश्मा,

तुझं पत्र देवीदासला पोचलं. तो आधी सहदेवकडे गेला, मग वकिलाकडे, मग बाटल्यांची खोकी उचलून गावातच दुसरी जागा शोधायला निघाला. दोन घरांनी हो म्हटलं होतं, हेही तुला माहीत असू दे. तू सही न करण्याने दुकान गावातून गेलं नाही. फक्त तुझ्या खोलीतून गेलं.

नव्या जागेला ग्रामसभेची संमती लागते. १ मेच्या ग्रामसभेला आजवर बोरळखेडची एकही बाई गेली नव्हती. पुरुष सतरंजीवर बसायचे, चहा प्यायचे, ठराव व्हायचे. या वेळी बाया आधी जाऊन पुढे बसल्या, पुरुषांना भिंतीशी उभं राहावं लागलं. मी गेले नाही. मला मत नाही, आणि मी नसताना काय होतं ते मला पाहायचं होतं. कुलसुमबीने येऊन सांगितलं ते लिहिते.

सरपंचाने विचारलं, देवीदासच्या जागेला कोणाची हरकत आहे का? पहिला हात सुंदराबाईने वर केला. एकजण मागून म्हणाला, “काहून वो सुंदराबाई, शेगाव इसरली?” ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “इसरली नाई. देवापुढं उभी राहून बाईचंच तोंड दिसत होतं मले. घे, लिहून घे माही हरकत.” मग सगळे हात वर गेले. ठराव पडला. दुकान आता गावाच्या शिवेबाहेर, फाट्यावर गेलं आहे. पिणारे दीड कोस चालून जातात आणि पितात. तू बरोबर म्हणाली होतीस, पिणं थांबलेलं नाही. पण वळणावर सकाळी फक्त पाट्या असतात आणि पोरी रस्त्याने शाळेत जातात.

मी सुंदराबाईशी अजून बोललेले नाही. बोलेन, पण घाई नाही.

आता तुझ्या खोलीविषयी. सहदेवने किल्ली कुलसुमबीच्या टोपलीत टाकली, माझ्या हातात दिली नाही. तुझं वाचनालय, तुझं शीतगृह, तुझा आराखडा, सगळं वाचलं. आराखडा चांगला आहे, खिडकी मात्र पश्चिमेला ठेवली आहेस, उन्हाळ्यात फुलं वाळतील. मी तो बायांना दाखवलेला नाही, दाखवणारही नाही. त्या खोलीत काय करायचं, यावर बाया दर शुक्रवारी तिथे बसून भांडतात. बेबीताईला शिलाई मशीन हवी आहे, कुलसुमबीला नुसती सावली, सुंदराबाईची सून पाळणाघर म्हणते. मागच्या शुक्रवारी एकीने विचारलं, जागेच्या मालकिणीला विचारायला नको का? कुलसुमबी म्हणाली, “तिनं आपल्याले इचारलं होतं का?”

तेव्हा तुला विचारणार नाहीत.

जूनमध्ये आलीस की अमरावतीला उतरू नकोस, थेट बोरळखेडला जा. शुक्रवारी चार वाजता जमतात. बोलायचं असेल तर हात वर करावा लागतो.

जयवंता